मनोऱ्याचे पाय कुठे टेकतात?

दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. अर्जुनी मोरगावच्या अवतीभोवती आज या गावी तर उद्या त्या गावी मंडई भरते, रात्री नाटक उभे राहते, आणि नाटकाला आलेल्या पाव्हण्यांनी घराघरांची सपरी भरून जाते. सपरी म्हणजे घराच्या दर्शनी बाजूला कवेलूच्या उताराखाली असलेली पडवी. तिला दार नसते. रस्त्याने जाणारा ओळखीचा असो वा नसो, उन्हातान्हात घटकाभर टेकला तर त्याला कुणी 'का बसलास' म्हणून विचारत नाही. उलट आतून पाण्याचा तांब्या येतो.

मागल्या मंडईत अशाच एका सपरीत गावातला एक तरुण भेटला. मुंबईत एका चाळीसहून अधिक मजल्यांच्या निवासी इमारतीवर तो पहारेकरी म्हणून नोकरीला आहे. इमारतीचे वर्णन करताना त्याचा उत्साह ओसंडत होता. लिफ्ट किती वेगाने जाते, वरून समुद्र कसा दिसतो, पोहण्याचा तलाव कितव्या मजल्यावर आहे, सगळे त्याने रंगवून सांगितले. मग जरा थांबून म्हणाला, "पण एक सांगू का काका? एवढी मोठी इमारत हाये, तरी खाली रस्त्यावरून येणाऱ्या माणसाले टेकाले हातभर जागा नाही जी."

गगनचुंबी इमारतींवर आजवर पुष्कळ लिहिले गेले, बोलले गेले. पण या मुलाने एका वाक्यात जे सांगितले, ते त्या साऱ्या चर्चेत फारसे कुठे आढळत नाही. आपण मनोऱ्याकडे मान वर करून पाहतो आणि मजले मोजतो. त्याचे पाय जमिनीवर कसे टेकतात, ज्या रस्त्याच्या आधाराने तो उभा आहे त्या रस्त्याला तो काय देतो आणि त्याच्याकडून काय हिरावून घेतो, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही. वास्तविक पाहता, त्या इमारतीत न राहणाऱ्या लाखो लोकांचा तिच्याशी जो संबंध येतो, तो तिच्या खालच्या पंधरावीस फुटांशीच येतो. वरचे सारे मजले आत राहणाऱ्यांसाठी असतात, हा पायथा मात्र गावाच्या वाट्याला येतो.

भोंगा गेला, भिंत राहिली

महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप पाहायचे असेल तर मुंबईच्या गिरणगावात जावे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या. मागे उरली सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले होते. एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक 'म्हाडा'च्या परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ साली या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही दुरुस्ती अमान्य केली, तर मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. त्यानंतर लोअर परळ, वरळी, दादर या भागांत मनोऱ्यांची रांगच लागली. श्रीनिवास मिलच्या जागेवरचा 'वर्ल्ड वन' २८० मीटर उंच गेला. गिरणगावाच्या सीमेवर ताडदेवला एम. पी. मिल कंपाउंडच्या झोपडपट्टीच्या जागी साठ-साठ मजल्यांचे जुळे 'इम्पीरियल' मनोरे त्याआधीच, २०१० साली, पुरे झाले होते.

गिरणीलाही उंच भिंत होती आणि फाटक होते, हे विसरून चालणार नाही. आत कुणालाही मुभा नव्हती. पण पाळी सुटली की त्या फाटकातून हजारो माणसे पायी रस्त्यावर येत. त्यांच्या येण्याजाण्यावर अवघा रस्ता जगत असे. खाणावळ, चहाचे हॉटेल, पानाची गादी, न्हावी, व्यायामशाळा, भजनी मंडळ आणि कामगारांचे नाटक, हे सारे भिंतीच्या बाहेर पण भिंतीच्या आधाराने वाढले होते. आजच्या मनोऱ्याच्या फाटकातून बाहेर येते ती काळ्या काचेची मोटार. तिला ना चहा लागतो ना पान. भोंगा गेला, भिंत तेवढी राहिली, आणि भिंतीभोवतालचा संसार उठला. गिरणीची जमीन कुणाला मिळाली यावर खूप वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मात्र त्या जमिनीभोवतीच्या रस्त्याचे काय झाले, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

रस्त्याशी बोलणाऱ्या इमारती

जुन्या इमारती रस्त्याशी कशा वागत होत्या? मुंबईतच दादाभाई नौरोजी मार्गावर एकदा चालून पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तो हॉर्नबी रोड होता तेव्हा, दुतर्फा बांधणाऱ्यांवर असे बंधन होते की इमारतीच्या तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने कमानींची सलग पडवी ठेवली पाहिजे. मालकाची इमारत मालकाचीच राहिली आणि शैलीही ज्याची त्याची, पण खालच्या पडवीतून कुणीही चालावे. सव्वाशे वर्षे होत आली तरी श्रावणातल्या सरीत आणि मे महिन्याच्या उन्हात माणसे त्या कमानींखालून जात-येत आहेत. आमच्या सपरीचीच ही शहरी बहीण म्हणायची. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे कुणा मालकाच्या उदारपणामुळे घडले नाही. तसा नियम होता म्हणून घडले.

गिरगाव, लालबागच्या चाळींचेही असेच. तळमजल्याला दुकाने, वर गॅलरी, आणि गॅलरीतून रस्ता दिसे. भाजीवाला खालून हाक मारी, वरून दोरीला बांधलेली पिशवी खाली येई. मूल रस्त्यावर खेळताना पडले तर चार गॅलऱ्यांतून चार आवाज येत. अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' या पुस्तकात हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली. रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांपेक्षा त्यावर लागलेल्या घरांच्या आणि दुकानांच्या डोळ्यांमुळे, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडच्या चाळकऱ्याला ते पुस्तकातून शिकावे लागले नाही. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांचे निरीक्षण याला पूरक आहे. साधारण पाचव्या मजल्यापर्यंत राहणाऱ्याला रस्त्यावरचा माणूस ओळखू येतो, त्याला हाक देता येते. त्याच्या वर गेले की रस्त्याशी असलेला हा धागा तुटतो. म्हणजे मनोऱ्याच्या बाबतीत रस्त्याला सोबत करण्याचे काम खालच्या चारपाच मजल्यांनीच करायला हवे.

आणि आजच्या मनोऱ्यांत नेमक्या त्याच मजल्यांवर काय असते? मोटारी!

पायथा असा का होतो?

यात कुणा एकाला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. मनोऱ्याचा पायथा असा आंधळा होण्यामागे चारपाच कारणे आहेत, आणि एकेकटे पाहिले तर प्रत्येक कारण शहाणपणाचे वाटते.

पहिले कारण वाहनतळाचे. घर मोठे तितक्या गाड्या जास्त, आणि त्या ठेवायला जागा असलीच पाहिजे, असा नियम. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात खोल तळघर खणणे महागाचे आणि पाण्यामुळे कटकटीचे. शिवाय गाड्यांसाठी बांधलेली जागा चटईक्षेत्रात मोजली जात नाही. मग पाचसहा मजल्यांची गाड्यांची पेटी बांधून तिच्या डोक्यावर घरे रचणे हाच सोयीचा मार्ग ठरतो. त्यातच २००८ साली मुंबईत अशी योजना आली की विकासकाने सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला द्यावे आणि बदल्यात वाढीव चटईक्षेत्र घ्यावे. रस्त्यावरच्या गाड्या आत जाव्यात हा हेतू चांगला होता. पण गाड्यांची पेटी आणखी फुगली आणि रस्त्याच्या कडेला खिडकी-दाराविना उभ्या राहिलेल्या भिंतींची उंची वाढली.

दुसरे कारण पैशाचे. जितके उंच तितका समुद्र जास्त दिसतो आणि तितका भाव जास्त मिळतो. खालचे मजले रस्त्याच्या धुळीचे, गोंगाटाचे. ते गाड्यांना देऊन टाकले की पहिले विकाऊ घरच सातव्या-आठव्या मजल्याच्या उंचीवर सुरू होते. रस्त्यापासून दूर जाणे हीच विकाऊ वस्तू झाली म्हणा ना!

तिसरे कारण आगीचे. उंच इमारतीभोवती अग्निशमन दलाची गाडी फिरली पाहिजे, शिडी लावता आली पाहिजे. त्यासाठी साधारण सहा मीटरची मोकळी पट्टी लागते. ती हवीच, त्यात तडजोड नको. पण या पट्टीमुळे इमारत रस्त्यापासून मागे सरकते, आणि मधल्या जागेचा पुढे उपयोग होतो तो गाडी वळवण्यासाठी.

चौथे कारण भयाचे. भोवती कुंपणभिंत, फाटकावर आडवा दांडा, नोंदवही, कॅमेरे. आत राहणाऱ्याला सुरक्षित वाटावे हे योग्यच. परंतु लांबच लांब भिंतीच्या कडेने रात्री दहानंतर एकट्या बाईमाणसाला चालावे लागले तर तिला काय वाटते, ते एकदा विचारून पाहावे. दुकानाचा उजेड नाही, खिडकी नाही, हाक मारावी असे कुणी नाही. आतल्यांची सुरक्षितता अशी बाहेरच्यांच्या खर्चाने विकत घेतली जाते.

आणि पाचवे कारण गॅलरीचे. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईच्या नियमांत बदल होऊन गॅलरी, फुलझाडांचे कट्टे वगैरे पूर्वी सवलतीत मिळणाऱ्या जागा चटईक्षेत्रात मोजल्या जाऊ लागल्या आणि निवासी इमारतींना त्याऐवजी ३५ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र अधिमूल्य भरून मिळू लागले. सवलतींच्या नावाखाली चालणारा गैरव्यवहार थांबावा, हा उद्देश रास्त होता. पण गॅलरी मोजायचीच आहे तर तेवढी खोलीच मोठी करू, असा व्यवहारी विचार होणारच. इमारतीची बाहेर डोकावणारी अंगे त्यामुळे आणखी आक्रसली आणि बाहेरून दिसू लागली ती नुसती सपाट काच.

पाच शहाणी कारणे एकत्र आली आणि त्यांची बेरीज वेडेपणाची झाली. कारण रस्त्याच्या वतीने कुणी टेबलाशी बसलेच नव्हते. पार्किंगचा नियम गाडीचा विचार करतो, आगीचा नियम बंबाचा आणि चटईक्षेत्राचा नियम फुटांचा. पायी चालणाऱ्याचा विचार करणारा नियम कोणता?

दादरचा निकाल

या संदर्भात एक न्यायालयीन निकाल मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावा असा आहे. दादरला शिवसेना भवनासमोर कोहिनूर मिल क्र. ३ ची जागा होती. तेथे 'कोहिनूर स्क्वेअर' हा प्रकल्प उभा राहिला. त्यात दोन मनोरे, एक ५२ मजल्यांचा प्रामुख्याने कार्यालयांसाठी आणि दुसरा निवासी. वाद निघाला तो मोकळ्या जागेवरून. नियमाप्रमाणे रहिवाशांसाठी जी किमान मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते, ती वाहनतळाच्या छतावर म्हणजे पोडियमवर दिली तर चालेल काय, असा प्रश्न होता. विकासकांचे म्हणणे साहजिकच 'चालेल' असे, कारण मग खालची जमीन मोकळी सोडावी लागत नाही. मुंबई महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. १७ डिसेंबर २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की नियमाने ठरवलेली किमान जागा जमिनीवरच आणि आकाशाखाली खुली असली पाहिजे. पोडियमवर बाग करायची असेल तर ती त्याहून जादा म्हणून करावी.

वरवर पाहता हा तांत्रिक वाद. पण त्याच्या गाभ्याशी एक साधी गोष्ट आहे. मातीवर लावलेले झाड आणि छतावर दीडदोन हात मातीत लावलेले झाड यांत फरक आहे. पहिल्याची मुळे खोल जातात, पावसाचे पाणी जमिनीत मुरते, झाड पन्नास वर्षे सावली देते. सातव्या मजल्याच्या उंचीवरच्या बागेत हिरवळ राहते, वड-पिंपळ राहत नाही. आजीआजोबांना लिफ्टचे बटण दाबून जावे लागते ती बाग, आणि दारातून पाऊल टाकले की लागते ती बाग, यांतही फरक आहेच.

तथापि या निकालाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. तो आतल्या रहिवाशांच्या हक्काविषयी आहे. जमिनीवर आलेली ती बाग कुंपणाच्या आतच असते. भिंतीपलीकडे चालणाऱ्याला तिची सावली मिळाली तर मिळाली. मनोऱ्याने रस्त्याला काय द्यावे, हा प्रश्न अजून कुठल्या न्यायालयासमोर आलेला नाही. तो कायदा करणाऱ्यांचा आणि तुमचा-आमचा आहे.

उंची हा शत्रू नव्हे

हे सारे वाचून कुणाचा असा ग्रह होऊ नये, की प्रस्तुत लेखक मनोऱ्यांच्या विरोधात आहे. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी चाळीच्या सार्वजनिक संडासापुढची पहाटेची रांगही आठवावी. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यात तीन-तीन पिढ्या नांदल्या. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील अशा १९५ चाळींचा पुनर्विकास 'म्हाडा'ने हाती घेतला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतील पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या बाईने आयुष्यभर सामायिक नळावर पाणी भरले, तिच्या स्वयंपाकघरात नळ आला. तिला उंचीचे तोटे सांगायला कोण जाणार? सांगू नयेच. पण आता विचारायला हवे ते हे, की चाळींमधल्या मोकळ्या पटांगणात होणारा गणपती, दहीहंडी, कबड्डी आणि लग्नाचा मांडव या नव्या इमारतींच्या पायथ्याशी कुठे मावणार? घर तिप्पट झाले, अंगण किती झाले? याचे उत्तर पुढल्या दहा वर्षांत कळेल, आणि ते या प्रकल्पाच्या यशाचे खरे माप ठरेल.

उंच इमारतीतही मोकळी हवा आणि अंगण देता येते, हे चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या कंबाला हिलवर 'कांचनजंगा' या २८ मजली इमारतीत १९८३ सालीच दाखवून दिले होते. तिच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीचे खोल सज्जे आहेत. जुन्या बंगल्याची ओसरी जणू त्यांनी आकाशात नेऊन ठेवली. मनोऱ्याने ऊन-पावसाला कसे सामोरे जावे, याचे उत्तम उत्तर त्यात आहे. रस्त्याला कसे सामोरे जावे, याचे तितकेच चांगले उत्तर मात्र आपल्याकडे अजून यायचे आहे.

बाहेरच्या जगात ते शोधण्याचे प्रयत्न झाले आहेत, काही फसले आणि काही साधले. न्यूयॉर्कने १९६१ साली असा नियम केला की विकासकाने इमारतीपुढे सार्वजनिक चौक सोडला तर त्याला जादा बांधकाम मिळेल. चौक पुष्कळ झाले, पण कित्येक ओसाड पडले, कारण तिथे बसायला काही नव्हते, सावली नव्हती, खायला-प्यायला नव्हते. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने माणसे कुठे बसतात आणि का बसतात, हे तासन् तास पाहून नोंदवले, आणि १९७५ साली नियम सुधारले. नुसती जागा सोडून भागत नाही, तिथे माणसाने थांबावे असे काही लागते, हा त्यातला धडा. कॅनडातील व्हँकुव्हर शहराने दुसरी वाट धरली. तिथे मनोरा बारीक ठेवला, आणि पायथ्याशी दोनतीन मजल्यांची घरे व दुकाने अशी बसवली की त्यांचे दार थेट पदपथावर उघडते. गाड्या गेल्या मागे किंवा तळघरात. रस्त्याने चालणाऱ्याला तिथे चाळीस मजल्यांच्या सावलीचा धाक वाटत नाही, कारण नजरेच्या उंचीवर त्याला पायऱ्या, कुंड्या आणि माणसे दिसतात.

पायथ्याकडे दुर्लक्ष केले तर काय होते, याचे एक करुण उदाहरण इंग्लंडमधील लीड्स शहरातले आहे. उंच इमारतीच्या अंगावर आदळलेला वरचा वेगवान वारा भिंतीवरून खाली घसरतो आणि पायथ्याशी कोपऱ्यांवर जोराने वळतो. लीड्सच्या ३२ मजली 'ब्रिजवॉटर प्लेस' इमारतीपाशी मार्च २०११ मध्ये अशा वाऱ्याने मालमोटार उलटली आणि पायी जाणारा एक माणूस तिच्याखाली दगावला. पुढे तिथे वारा अडवणारे पडदे उभारावे लागले. इमारत रस्त्याला भेटते म्हणजे केवळ डोळ्यांना भेटते असे नाही. वारा, ऊन, पाणी आणि आवाज या साऱ्यांतून ती भेटत असते.

अर्जुनीला याचे काय?

कुणी म्हणेल, हे मुंबईचे रडगाणे अर्जुनी मोरगावच्या सपरीत कशाला? इथे चार मजली इमारत बघायची तरी मान फार वर करावी लागत नाही. आपली शान धानाच्या बांध्यांत, बोड्यांत आणि नवेगावच्या तलावात. मनोरे नागपूरला वाढत आहेत, तिथे मेट्रोच्या दुतर्फा जादा चटईक्षेत्रही मिळते. पण नागपूर कुठे आणि जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे हे गाव कुठे?

याला उत्तर असे. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य शासनाने एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबई आणि आणखी काही ठरावीक क्षेत्रे वगळली तर ती साऱ्या महाराष्ट्राला लागू आहे. पुण्याचा मनोरा आणि आमच्या नगरपंचायतीतले दुकान-घर आता एकाच पुस्तकाखाली आले. पुस्तक एक असणे सोयीचे आहे, लहान भूखंडांना त्यात परवानगीची सुटसुटीत वाटही आहे. पण पुस्तक एक झाले की मनातले चित्रही एक होते, आणि ते चित्र शहराचे असते.

त्याचा परिणाम बाजाराच्या रस्त्यावर डोळ्यांनी दिसतो. कवेलूचे घर पडते, जागी स्लॅबचे येते. घरात संडास, वर पक्की खोली, खाली दोन गाळे. कुटुंबाची परिस्थिती सुधारली, आनंदच आहे. पण नव्या घराला सपरी नसते. जोते चारपाच फूट उचललेले, पायऱ्या थेट नालीवर आलेल्या, आणि गाळ्याचे शटर पडले की समोर उरते नुसती लोखंडी भिंत. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना बाजाराला आलेली म्हातारी पूर्वी चार घरांच्या सपरीत टेकत टेकत एस.टी. स्टँड गाठायची. आता तिला सावली शोधत रस्ता ओलांडावा लागतो. मुंबईच्या पोडियमने जे मोठ्या प्रमाणावर केले, तेच आमच्या शटरने लहान प्रमाणावर केले आहे. रोग तोच, मात्रा तेवढी कमी.

आणि मात्रा कमी आहे म्हणूनच उपाय इथे सोपा आहे. लोअर परळचा मनोरा आता पाडून पुन्हा बांधता येत नाही. अर्जुनीचा बाजाररस्ता अजून पुरता बांधून व्हायचा आहे. नगरपंचायतीने ठरवले तर बाजारपेठेतल्या प्रत्येक नव्या इमारतीपुढे पाचसहा फुटांची सलग पडवी सुचवता येईल, तिचा आग्रह धरता येईल आणि गरज पडल्यास शासनाकडे तसा नियमही मागता येईल. दादाभाई नौरोजी मार्गावर जे सव्वाशे वर्षांपूर्वी करता आले, ते आज न जमण्याचे कारण नाही. पायऱ्या हद्दीच्या आत, नाली झाकलेली, दोन दुकानांमागे एक झाड, आणि कुंपणभिंत बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढी. याला खर्च किती? इच्छेपेक्षा फार जास्त नाही.

मोठ्या शहरांसाठीही मागणी याहून वेगळी नाही, फक्त मोठी आहे. मनोऱ्याला परवानगी देताना मजल्यांच्या नकाशाबरोबर रस्त्याच्या पातळीवरचे चित्रही मागितले जावे. पदपथावरून चालणाऱ्याला डावी-उजवीकडे काय दिसेल, किती अंतरावर दार वा दुकान लागेल, सावली कुठे असेल, वारा कसा वळेल, हे विकासकाने कागदावर दाखवावे. रस्त्याकडच्या बाजूला गाड्यांचे मजले उघडे टाकू नयेत, त्यांच्यापुढे एक खोलीची का होईना पण माणसांची वस्ती असावी. आणि घर घेणाऱ्यांनीही नमुना घर पाहताना जरा खाली उतरून फाटकाबाहेर पंधरा मिनिटे उभे राहावे. आपले मूल शाळेच्या बसची वाट कुठे पाहणार आणि आपली आई संध्याकाळी कुठे बसणार, ते तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

मंडई संपली आणि तो तरुण रेल्वेने गोंदियाला आणि तिथून मुंबईला गेला. जाण्याआधी पुन्हा भेटला होता. त्याला विचारले, तुझ्या इमारतीच्या मालकांना एक गोष्ट सांगायची झाली तर काय सांगशील? त्याला वाटले पगाराबद्दल विचारतोय. मग समजल्यावर हसून म्हणाला, "फाटकाच्या बाहेर एक बाक टाका म्हणावं. अन् वर थोडं पत्र्याचं छप्पर. पाणी मी ठेवतो."